फरकाची रक्कम

१६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियलमध्ये २४ देशांनी आणि युरोपीय समुदायाने ओझोन थर वाचवण्याच्या करारावर सह्या केल्या. त्या कागदावर भारताची सही नव्हती, चीनचीही नव्हती. या कराराचं पुढे जगभर कौतुक झालं, आजही होतं, आणि ते रास्तच आहे. पण सर्वाधिक लोकसंख्येचे हे दोन देश बाहेर राहिले असते, तर त्या सह्यांना फारसा अर्थ उरला नसता. ते आत कसे आले, कोणाच्या पैशावर आले, त्या पैशाचा हिशेब कसा लावला गेला आणि त्यातून काय निसटलं, हे नीट पाहण्यासारखं आहे. हवामानबदलासाठी पैसे कोणी द्यायचे यावर आज जी ओढाताण चालते, तिचं एक सुटलेलं गणित इथे सापडतं.

त्या वेळचं आपलं चित्र आठवून पाहा. मध्यमवर्गीय घरात फ्रिज येणं हा सोहळा होता. तो स्वयंपाकघरात न जाता हॉलमध्ये उभा राहायचा, वर क्रोशाचा रुमाल आणि प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. उन्हाळ्यात शेजारपाजारची मुलं बर्फ मागायला भांडं घेऊन यायची. त्या फ्रिजच्या नळ्यांतून आर-१२, म्हणजेच सीएफसी-१२, फिरायचा आणि भिंतींतल्या फोममध्ये सीएफसी-११ कोंडलेला असायचा. दोन्ही वायू बिनविषारी, न पेटणारे, स्वस्त. श्रीमंत देश ते १९३० च्या दशकापासून वापरत होते, आणि तेही फ्रिज-एसीपुरते नाही. केसांच्या स्प्रेपासून गाद्यांच्या फोमपर्यंत सगळीकडे. हे वायू वर जाऊन तुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो, हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ साली मांडलं. अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या मोजमापांतून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ साली ते नुकसान दाखवून दिलं. सीएफसी-१२ हवेत सुमारे १०० वर्षं टिकतो. म्हणजे वर साचलेला माल जवळजवळ सगळा श्रीमंत देशांचा होता, आणि आपल्या दारात फ्रिज येऊ लागला तेव्हाच तो वायू बंद करा असा निरोप आला.

मूळ करारात कलम ५ खाली एक सवलत होती. ज्या विकसनशील देशात माणशी वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी वापर आहे त्याला दहा वर्षांची जादा मुदत. भारताचा वापर या मर्यादेच्या कितीतरी खाली होता. पण मुदत म्हणजे पैसे नव्हेत. दहा वर्षांनी का होईना, कारखाने बदलायचे तर नवी यंत्रं, नवी रसायनं आणि त्यांचं ज्ञान विकत घ्यायचं, आणि ते विकणारेही त्याच श्रीमंत देशांतले. घाण एकाने करायची, साफसफाईचं सामानही त्यानेच विकायचं आणि बिल दुसऱ्याने भरायचं, हे भारताला मान्य नव्हतं. मला आजही ती भूमिका अडेलतट्टू वाटत नाही. ती साध्या न्यायाची होती.

जून १९९० मध्ये लंडनला बैठक भरली तेव्हा भारताच्या बाजूने पर्यावरण खात्याच्या मंत्री म्हणून मनेका गांधी होत्या. पैसे आणि तंत्रज्ञान दोन्ही हवं, ही मागणी त्यांनी लावून धरली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा, दोन्ही गटांत ये-जा करून मसुदा जुळवत होते. खरी अडचण वॉशिंग्टनमध्ये होती. रक्कम अमेरिकेच्या दृष्टीने किरकोळ होती, पण व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू यांचा स्वतंत्र निधीला विरोध होता. आज ओझोनसाठी पैसे दिले तर उद्या हवामानासाठी मागतील, ही भीती होती. बैठकीच्या तोंडावर अमेरिकेने भूमिका बदलली, पण ती भीती करारात लेखी उतरली. निधीच्या कलम १० मध्ये शेवटी एक वाक्य आहे: ही आर्थिक व्यवस्था पर्यावरणाच्या इतर प्रश्नांसाठी पुढे होणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला बाधा न आणता आहे. म्हणजे उद्या याचा दाखला देऊ नका.

सुरुवातीला तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर ठरले, आणि भारत व चीन आले तर २४ कोटींपर्यंत. दोन देशांच्या सहीची किंमत इतक्या उघडपणे कागदावर क्वचितच आली असेल. चीन १९९१ मध्ये आला, भारत जून १९९२ मध्ये. आणि लंडनमध्ये करारात झालेल्या दुरुस्तीत आणखी एक ओळ शिरली, जिच्यावर बाकी सगळं टेकलं आहे: विकसनशील देश आपली बंधनं कितपत पाळू शकतील हे आर्थिक साहाय्य आणि तंत्रज्ञान प्रत्यक्षात किती मिळतं यावर अवलंबून राहील. पैसे आले नाहीत तर काम अडेल, हे देणाऱ्यांनी सही करून मान्य केलं.

हा 'बहुपक्षीय निधी' कर्ज देत नाही, अनुदान देतो. पण संपूर्ण खर्चही देत नाही. तो देतो फरक. आपल्याकडे नोकरदाराला 'फरकाची रक्कम' म्हटलं की वेतन आयोग आठवतो: जुना पगार आणि नवा पगार यांच्यातली तफावत, तेवढीच हातात. इथेही तसंच. जुन्या रसायनावर कारखाना चालवायला जो खर्च आला असता आणि नव्यावर जो येईल, त्यातला फरक.

हा फरक मोजतात कसा, ते फोमच्या उदाहरणावरून कळतं. गरम पोळ्यांचा कॅसरोल किंवा प्रवासात नेतो तो पाण्याचा जग घ्या. त्याच्या दोन भिंतींमध्ये पिवळट, कडक फोम असतो. पॉलिऑल आणि आयसोसायनेट अशी दोन द्रव्यं एकत्र आली की मिश्रण तापतं. त्यात मिसळलेला सीएफसी-११ चोविसेक अंशांनाच उकळत असल्यामुळे लगेच वायू होतो, मिश्रण फुगतं आणि काही सेकंदांत पोकळी भरून घट्ट होतं. असे लहान लहान कारखाने भारतात खूप होते. काही ठिकाणी तर माणूस बादलीत काठीने ढवळून साच्यात ओतायचा. आता सीएफसी-११ च्या जागी सायक्लोपेंटेन घ्यायचं. ओझोनला त्याचा धक्का नाही, पण ते पेट्रोलसारखं भडकतं. मग टाकी बाहेर जमिनीत हवी, गळती ओळखणारे सेन्सर हवेत, हवा खेचणारे पंखे हवेत, ठिणगी न पडणाऱ्या मोटारी हव्यात, कामगारांना शिकवायला हवं, आणि हे सगळं सुरक्षित आहे असं बाहेरच्या तज्ज्ञाने तपासून सांगायला हवं. हा झाला फरक.

मग कात्री सुरू होते. या निमित्ताने मालक मोठं यंत्र घेणार असेल तर वाढीव क्षमतेचे पैसे मिळत नाहीत. कंपनीत परदेशी भागीदार श्रीमंत देशातला असेल तर त्याच्या हिश्शाएवढी रक्कम वजा. माल श्रीमंत देशांत निर्यात होत असेल तर तीही वजावट. २५ जुलै १९९५ नंतर उभारलेल्या सीएफसीच्या क्षमतेला काहीच नाही, कारण तोवर सगळ्यांना सगळं माहीत होतं. आणि जुनं यंत्र मोडल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर तेच यंत्र दुसऱ्या शेडमध्ये जाऊन बसायचं. वाचताना हे चिकटपणाचं वाटेल. पण याच चिकटपणामुळे देणाऱ्यांचा विश्वास टिकला आणि घेणाऱ्यांना हा आपला हक्क आहे असं वाटत राहिलं.

निधीच्या किल्ल्याही वाटून दिलेल्या आहेत. कार्यकारी समितीत १४ सदस्य: सात श्रीमंत देशांचे, सात विकसनशील देशांचे. मतदान झालं तर दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमतही. जागतिक बँकेत ज्याचा पैसा जास्त त्याचं मत जड. इथे तसं नाही. कामं संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, पर्यावरण कार्यक्रम, औद्योगिक विकास संघटना आणि जागतिक बँक या चौघांमार्फत होतात. देणगीचं प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या सूत्रावर ठरतं, त्यामुळे दर खेपेला 'तू किती देतोस' हा वाद उकरावा लागत नाही. सोव्हिएत संघातून फुटलेल्या काही देशांची बाकी वर्षानुवर्षं थकली, तरी एकूण वसुली चांगली राहिली. १९९१ पासून आजवर ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम या वाटेने गेली आहे.

भारतासाठी सर्वांत मोठा टप्पा आला १९९९ मध्ये. तोवर मुख्यतः सीएफसी वापरणारे कारखाने बदलत होते. पण सीएफसी बनवणारे तसेच होते, आणि भारत हा मोठा उत्पादक होता: पायाभूत आकडा वर्षाला सुमारे २२,६०० टन, तर देशातला वापर ७ हजार टनांच्याही आत. उरलेला माल बाहेर जायचा. राजस्थान, गुजरात आणि तमिळनाडूतल्या चार कंपन्यांचं हे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी ८.२ कोटी डॉलर मंजूर झाले. चीनला त्याच वर्षी त्याच कामासाठी १५ कोटी. हप्ते वर्षावर्षाने होते, आणि उत्पादन ठरल्याप्रमाणे खाली आलं हे तपासनीसांनी पाहिल्यावरच पुढचा हप्ता. भारताने १ ऑगस्ट २००८ रोजी सीएफसीचं उत्पादन थांबवलं. ठरलेली मुदत होती १ जानेवारी २०१०. सतरा महिने आधी काम संपवल्याची सरकारी उदाहरणं आपल्याकडे किती निघतील?

सीएफसीवर चालणारे दम्याचे पंप मात्र काही काळ मागे राहिले. तिथे घाई करून चालत नव्हतं. वायू बदलला की औषधाची मात्रा, डब्याची झडप, फवाऱ्याचा कण सगळंच पुन्हा बसवावं लागतं. मुंबईत मुख्यालय असलेली सिप्ला यात मोठी उत्पादक होती. २००८ मध्ये या बदलासाठी निधीने पैसे मंजूर केले आणि २०१२ अखेर भारतातले पंप सीएफसीमुक्त झाले. रुग्णाला हातातल्या पंपात काही बदललंय हे जाणवलंही नसेल.

आता या हिशेबाची दुसऱ्या एका हिशेबाशी तुलना करायला हवी, कारण फरक मोजण्याचं मोल तिथे कळतं. एसीतला आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. ओझोनला तो त्रास देत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४,८०० किलोंना भारी पडतो. तो जाळून टाकणं अगदी स्वस्त आहे. हवामानबदलावरच्या क्योटो कराराच्या व्यवस्थेत हा वायू जाळणाऱ्या कारखान्यांना कार्बनची प्रमाणपत्रं मिळू लागली, आणि ती बाजारभावाने विकली जाऊ लागली. २००७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका लेखातला अंदाज असा होता, की जे काम १० कोटी युरोंहून कमी खर्चात झालं असतं त्यासाठी ४.७ अब्ज युरो मोजले जातील. मूळ मालापेक्षा कचरा विकणं जास्त फायद्याचं झालं. भारतातल्या कारखान्यांनीही हे पैसे घेतले. युरोपने २०१३ पासून ही प्रमाणपत्रं नाकारली. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने आपल्या उत्पादकांना आदेश दिला: हा वायू जाळा, आणि स्वखर्चाने जाळा. एका व्यवस्थेने खर्च मोजला, दुसरीने भाव मोजला. सार्वजनिक पैसा पर्यावरणासाठी खर्च करायचा असेल तर पहिली पद्धत योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून निधीचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. सर्वांत मोठी चूक पर्याय निवडण्यात झाली. सीएफसी घालवून अनेक कारखान्यांना एचसीएफसी-१४१बी किंवा एचएफसी-१३४ए दिलं गेलं. पहिलं ओझोनला कमी का होईना पण इजा करतंच, आणि दुसरं उष्णतेच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पटींहून जहाल. हे वायू बड्या रासायनिक कंपन्यांच्या हातात तयार होते आणि दर टनामागे किती डॉलर या मापात स्वस्त दिसत होते. दुसरी वाट नव्हती असं कोणी म्हणेल, पण होती. १९९२-९३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या शार्फेनश्टाइनच्या फोरॉन या डबघाईला आलेल्या कारखान्याने ग्रीनपीसच्या मदतीने साध्या हायड्रोकार्बनवर चालणारा फ्रिज काढला. त्याचं तंत्र कोणाच्या पेटंटखाली कोंडलेलं नव्हतं. भारतात जर्मन आणि स्विस मदतीने त्या दिशेने काम झालं आणि मुंबईच्या गोदरेजने ती वाट धरली. २०१२ मध्ये त्यांनी प्रोपेनवर चालणारे एसीही बाजारात आणले. पण बहुतेकांनी मळलेला रस्ता घेतला. मग २००७ मध्ये एचसीएफसीही लवकर बंद करायचं ठरलं, आणि जे कारखाने एकदा बदलले होते ते पुन्हा बदलायला पैसे द्यावे लागले. भारताने फोममधलं १४१बी १ जानेवारी २०२० पासून पूर्ण थांबवलं, हे चांगलंच झालं. तरी एकाच भिंतीला दोनदा गिलावा करावा लागला.

तंत्रज्ञानाचं घोडंही तिथेच पेंड खात होतं. लंडनच्या मसुद्यात 'न्याय्य आणि सर्वांत अनुकूल अटींवर' तंत्रज्ञान देण्याचं वचन आहे. पण तंत्रज्ञान सरकारांच्या कपाटात नसतं, कंपन्यांच्या पेटंटांत असतं, आणि त्यांना या वचनाने बांधलं नव्हतं. एचएफसी-१३४ए बनवण्याचं ज्ञान भारतीय उत्पादकाला परवडेल अशा किमतीला मिळालं नाही. अखेर ते इथल्या प्रयोगशाळांत नव्याने शोधावं लागलं. पुढच्या पिढीच्या वायूंबाबतही हीच खात्री कोणी दिलेली नाही.

फसवणूकही झाली. चीनमधलं उत्पादन २००७ मध्ये कागदोपत्री बंद झालं होतं. पण २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की हवेतला सीएफसी-११ जितक्या वेगाने कमी व्हायला हवा तितका होत नाही. २०१२ नंतर कोणीतरी वर्षाला सुमारे १३ हजार टन नव्याने सोडतंय. दक्षिण कोरियातलं गोसान आणि जपानमधलं हातेरुमा इथल्या यंत्रांनी वाऱ्याची दिशा लावून माग काढला, आणि २०१९ मध्ये बोट पूर्व चीनमधल्या शानदोंग आणि हेबेई प्रांतांकडे गेलं. स्वस्त फोमसाठी लहान कारखाने चोरून जुनाच वायू वापरत होते. बोभाटा झाल्यावर कारवाई झाली आणि आकडे पुन्हा उतरले. पण जगाच्या मोठ्या भागावर अशी नजर ठेवणारी केंद्रंच नाहीत. कारखान्याच्या वह्या तपासायला पैसे होते, हवा तपासायला नव्हते.

मला सर्वांत जास्त खटकतं ते मात्र आपल्या गल्लीतलं आहे. कारखाने मोजके असतात, त्यांची यादी करता येते. दुरुस्ती करणारे मेकॅनिक लाखो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत एसीला गॅस भरायला एक तरुण आला होता. मोटारसायकलवर मागे सिलिंडर बांधलेला, पाठीवरच्या पिशवीत गेज, फ्लेअरिंगचं टूल आणि ब्रेझिंगच्या कांड्या. त्याने पाना लावून झडप सैल केली आणि उरलेला सगळा आर-२२ बाहेर सोडून दिला. फुस्स आवाज हळूहळू मंदावला, नळीवर पांढरं हिव धरलं. व्हॅक्यूम पंप आणला नव्हता. थोडा नवा गॅस आत सोडून त्यानेच हवा ढकलून बाहेर काढली. मी विचारलं तर म्हणाला, "काका, जुना गॅस काढून घ्यायचं मशीन शेठकडं एकच आहे, ते मोठ्या साइटवर जातं." त्याचा काहीच दोष नव्हता. गळती शोधायला तास जातो, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही; गॅसचे देतं.

या लोकांसाठी काहीच झालं नाही असं नाही. १९९० च्या दशकाअखेर स्विस आणि जर्मन साहाय्याने 'हायडेकॉर' हा प्रकल्प लहान दुकानांतल्या मेकॅनिकांसाठी सुरू झाला, आणि पुढे निधीच्या पैशातून तो देशभर वाढवला गेला. गॅस परत गोळा करणं, ब्रेझिंग नीट करणं, हायड्रोकार्बन सुरक्षितपणे हाताळणं, हे हजारो जणांनी शिकून घेतलं. सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सिलिंडरमधला वायू ओळखणारी यंत्रं मिळाली. २०१९ च्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात १ लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. पण निधीचं माप कारखान्यासाठी बनलेलं आहे. तिथे जुनं यंत्र आणि नवं यंत्र यांच्यातला फरक मांडता येतो. मोटारसायकलवरच्या पोराच्या एका तासाचा फरक त्या तक्त्यात बसत नाही.

आणि नेमकं हेच पुढे महत्त्वाचं होणार आहे. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडाची राजधानी किगाली इथे एचएफसीही या करारात आले. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये ते मान्य केलं. आपला पायाभूत आकडा २०२४ ते २०२६ या वर्षांवरून ठरेल, २०२८ ला वाढ गोठेल, मग २०३२ पासून उतार आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. हे सगळं अशा देशात, जिथे बहुतांश घरांत अजून एसी पोहोचलेलाच नाही आणि उन्हाळे दरवर्षी अधिक कडक होत आहेत. २०२४-२६ साठी निधीत ९६.५ कोटी डॉलर ठरले, आजवरची सर्वांत मोठी रक्कम. किगालीत वीजबचतीचा विषयही दारातून आत आला आहे, आणि एसीच्या बाबतीत खरा धूर वायूइतकाच विजेतून निघतो. कमी वीज खाणाऱ्या कॉम्प्रेसरचा फरक कोणी भरायचा यावर समितीत अजून घासाघीस चालू आहे. भारताने इथे १९९० इतकाच आग्रह धरावा असं मला वाटतं.

ओझोनचा थर भरून येतो आहे, यात वाद नाही. शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार जगाच्या बहुतेक भागात तो २०४० च्या सुमाराला १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमाराला. हवामानाच्या बैठकांत मात्र २००९ साली दिलेलं वर्षाला १०० अब्ज डॉलरचं आश्वासन मुदत उलटल्यावर कसंबसं पुरं झालं. त्यातलं किती कर्ज, किती अनुदान, किती जुन्याच मदतीवर नवं लेबल, हे भांडण मिटलेलं नाही. तिथे फरक मोजायची पट्टी नाही, हप्ता आणि काम एकमेकांना बांधलेले नाहीत, आणि तिजोरीवर दोन कुलपं नाहीत. 'याचा दाखला देऊ नका' हे लंडनमधलं वाक्य दुर्दैवाने तंतोतंत पाळलं गेलं.

जुन्या यंत्रांत अडकलेल्या वायूचं काय करायचं, हा प्रश्न निधीने फार उशिरा हाती घेतला. असे साठे किती आहेत याची मोजदाद करायला देशांना पैसे देण्याचं २०२२ च्या अखेरीस ठरलं. भारतात ही मोजदाद करायची तर भंगाराच्या दुकानांपासून करावी लागेल. तिथे जुना एसी येतो, छिन्नीचा एक घाव बसतो, आणि तांब्याची नळी वेगळी होते. जुन्या दीड टनी यंत्रात किलोभर आर-२२ असतो, म्हणजे उष्णतेच्या मापात सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड. तांब्याला किलोवर दर मिळतो. आतला गॅस सिलिंडरमध्ये भरून आणला तर त्याला दर देणारा आज त्या रस्त्यावर कोणीच नाही.